मंडईचे छप्पर आणि त्याबाहेरची माणसे

१८६९ ते १८९४ या पंचवीस वर्षांत ब्रिटिश साम्राज्याच्या एकमेकांपासून हजारो मैल दूर असलेल्या शहरांत एकाच जातकुळीच्या इमारती उभ्या राहिल्या. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये, दक्षिण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या ब्रिटिश गियानातील, म्हणजे आजच्या गयानातील, जॉर्जटाउनचे स्टाब्रोक मार्केट १८८१ मध्ये, पुण्याचे रे मार्केट १८८६ मध्ये, त्या काळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीचे एम्प्रेस मार्केट १८८९ मध्ये आणि सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरील कॅस्ट्रीज बंदराचा बाजार १८९४ मध्ये बांधून झाला. या सर्व इमारतींत घड्याळाचा किंवा शोभेचा मनोरा, हवा खेळती राहील असे उंच छप्पर, फरशीची जमीन आणि ठराविक मापाचे ओटे यांपैकी बहुतेक गोष्टी आढळतात; आणि शेतकरी, माळी व भाजीवाल्या बायका जिथे पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर बसत आल्या होत्या, तिथून त्यांना उठवून या छपराखाली आणायचे, हा सर्वांचा समान हेतू होता. बारामतीजवळच्या जळोचीत कृषी उत्पन्न बाजार समितीचा फळे व भाजीपाल्याचा जो उपबाजार आज भरतो, त्याच्या पत्र्याच्या शेडला मनोरा नाही, कमानी नाहीत आणि कोण्या गव्हर्नराचे नावही नाही. तरीही ती शेड याच वंशावळीतली आहे, आणि तिचे वेगळेपण कळायचे तर आधीच्या पिढ्यांच्या छपरांनी नेमके काय केले हे पाहणे भाग आहे.

कॅरिबियन बेटांवरचा बाजार मुळात गुलामांनी उभा केला. ऊसमळ्यांच्या मालकांना आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना पोटभर खाऊ घालण्याचा खर्च नकोसा होता, म्हणून जमैकासारख्या बेटांवर डोंगरउतारावरचे नापीक तुकडे गुलामांना स्वतःच्या अन्नासाठी कसायला दिले जात, आणि त्या तुकड्यांत पिकलेल्या कंदमुळांतून, केळ्यांतून व भाज्यांतून जे उरेल ते रविवारी, म्हणजे मळ्यावरच्या सुट्टीच्या दिवशी, गावात नेऊन विकण्याची त्यांना मुभा असे. या रविवारच्या बाजारात विकणाऱ्या बहुसंख्य बायका होत्या. जी माणसे कायद्याने स्वतःच कोणाची तरी मालमत्ता होती, त्यांच्या हातात स्वकष्टाचा पैसा मुख्यतः या बाजारात येत असे. आणि गोऱ्या नगरवासीयांच्या चुली याच बायकांच्या टोपल्यांवर पेटत असल्यामुळे, गुलामांच्या अशा मोठ्या जमावाची भीती वाटत असूनही सत्ताधाऱ्यांना तो बाजार बंद करणे परवडत नव्हते. १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी कायद्याने संपली, १८३८ मध्ये जुन्या मालकांकडेच राबण्याच्या सक्तीच्या उमेदवारीचा काळही संपला, आणि त्याच वर्षी कलकत्त्याहून गिरमिटिया मजुरांची, म्हणजे करारावर बांधून नेलेल्या हिंदुस्थानी कामगारांची, पहिली जहाजे ब्रिटिश गियानाच्या किनाऱ्याला लागली. पुढे करार संपवून तिथेच राहिलेल्या या मजुरांच्या वंशजांनीही भाजीपाला पिकवून जॉर्जटाउनच्या बाजाराची वाट धरली.

बाजारावर छप्पर चढले ते यानंतर. स्टाब्रोक मार्केटचा लोखंडी सांगाडा अमेरिकेतील एका कारखान्याने पुरवला, कॅस्ट्रीजच्या बाजाराचे काम लिव्हरपूलच्या कंत्राटदारांकडे होते, आणि हैतीची राजधानी पोर्त-ओ-प्रेन्स येथे, जो देश तोवर कित्येक दशके स्वतंत्र होता तिथेसुद्धा, १८९१ मध्ये फ्रान्समध्ये घडवलेला लोखंडी बाजार उभारला गेला. ओतीव लोखंडाचे खांब, कैच्या आणि जाळ्या कारखान्यात पाडायच्या, जहाजात घालून समुद्रापार न्यायच्या आणि तिथे बोल्ट मारून जोडायच्या, ही त्या काळची बांधकामाची नवी रीत होती. बंदरात उतरवलेल्या मालाला वाहतुकीचा खर्च फारसा नसल्यामुळे बेटांवर ती फोफावली. भिंती नसलेला किंवा जाळीदार भिंतींचा, चहूबाजूंनी उघडा मंडप उष्ण हवेला मानवतो हे खरेच. पण अशा मंडपाला फाटक असते, फाटकावर पहारेकरी असतो, आणि ओट्यावर बसायचे तर रोजचे पैसे मोजावे लागतात. पूर्वी जिथे झाडाखाली टोपली ठेवली की दुकान लागत असे, तिथे आता शुल्क आले, स्वच्छतेचे नियम आले आणि फाटकाबाहेर रस्त्यावर बसून विकणे हा गुन्हा ठरला. उन्हापावसापासून निवारा हे या इमारतींचे उघड कारण असले, तरी बाजाराचा हिशोब एका हाती येणे हे त्यांचे खरे काम होते, असे या सबंध इतिहासाकडे पाहता म्हणावेसे वाटते.

मुंबईतही तेच घडले, फक्त थाट मोठा होता. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार बांधलेल्या मार्केटच्या दर्शनी भागात दगडी कमानी आहेत आणि आत लोखंडी खांबांवर पेललेली लांबच लांब दालने आहेत. प्रवेशद्वारांवरचे शिल्पपट जे. जे. कलाशाळेतील अध्यापक जॉन लॉकवुड किपलिंग यांनी घडवले, आणि त्यांत कष्टकरी बाजारकऱ्यांची चित्रे आहेत. ज्यांना शिस्त लावण्यासाठी ही इमारत बांधली गेली त्यांनाच तिच्या कपाळावर कोरले जावे, यात त्या काळच्या राज्यकर्त्यांना काही विसंगत वाटले नसावे.

पुण्याची गोष्ट जरा निराळी आहे, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीची. पेशवाई गेल्यावर आणि १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याच्या आतल्या इमारती जळून गेल्यावर वाड्यासमोरच्या पटांगणात शहराची भाजी विकली जाऊ लागली. हा उघडा बाजार पावसाळ्यात चिखलाने आणि उन्हाळ्यात धुळीने भरून जाई, आणि पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथींनी धास्तावलेल्या नगरपालिकेला तो डोळ्यांत खुपत होता. १८७३ च्या जिल्हा म्युनिसिपल कायद्याने शहरांच्या कारभाराला नवी चौकट मिळाली होती आणि बाजार बांधून त्याचे भाडे घेणे हा नगरपालिकांना उत्पन्नाचा रास्त मार्ग दिसू लागला होता. त्यातच खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे होऊन मुठेच्या कालव्याचे पाणी हडपसर-मांजरीकडच्या जमिनींना मिळू लागले, आणि पावसाळी भाजीपुरते मर्यादित असलेले माळवे बारमाही झाले. माल वाढला, गाड्या वाढल्या आणि शनिवारवाड्यासमोरची जागा अपुरी पडू लागली. अखेर शुक्रवार पेठेतील सरदार खासगीवाले यांच्या मालकीची जागा घेऊन तिथे नवी मंडई बांधण्याचे ठरले.

या खर्चाला नगरपालिकेतच विरोध झाला. १८७६ पासून काही वर्षे सरकारनियुक्त सभासद असलेले जोतीराव फुले यांनी, मंडईच्या इमारतीवर लाखांनी पैसा ओतण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणावर लावावा, अशी भूमिका घेतली. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याच्या ठरावाला एकट्याने विरोध करणाऱ्या सभासदाकडून हे अनपेक्षित नव्हते. परंतु फुल्यांचा विरोध निव्वळ काटकसरीचा होता असे समजणे चुकीचे ठरेल, कारण बाजार त्यांना आतून माहीत होता. घराणे फुलांच्या व्यवसायातले, स्वतः ते बांधकामांचे कंत्राटदार, आणि मांजरीला कालव्याच्या पाण्यावर त्यांची शेतीही होती. १८८३ मध्ये लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या मिळकतीला सरकारी सारा, सावकार, नोकरशाही आणि शहरांतील जकात अशा अनेक तोंडांनी कसे कुरतडले जाते याची त्यांनी तपशीलवार मांडणी केली आहे. जकात म्हणजे शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावर नाक्यावरच घेतला जाणारा कर. आणि त्या काळच्या नगरपालिकांची तिजोरी प्रामुख्याने तिच्यावर भरत असे. म्हणजे मंडई ज्या पैशातून बांधली जायची होती, त्यातला मोठा वाटा शहरात माल आणणाऱ्यांकडून आधीच वसूल झालेला होता, आणि बांधून झाल्यावर ओट्याचे भाडे पुन्हा त्याच साखळीतून निघणार होते. या बाजूने पाहिले तर फुल्यांचा आक्षेप आजही निरुत्तर करणारा आहे, जरी पुणेकरांना मंडईवाचून शहराची कल्पना करणे जमत नसले तरी.

ठराव मंजूर झाला. वासुदेव बापूजी कानिटकर या पुण्यातील नामवंत कंत्राटदाराने काम केले, आणि १८८६ मध्ये मंडई खुली होऊन तिला तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव मिळाले. कॅरिबियन बंदरांत लोखंड जहाजाने उतरे. पुण्यात मात्र काळा पाषाण पायाखालीच होता आणि तो घडवणारे पाथरवटही गावातच होते, त्यामुळे ही इमारत दगडाची झाली. मधोमध अष्टकोनी मनोरा, त्याला निमुळते टोकदार छप्पर, आणि मनोऱ्यापासून चहूकडे फाकलेली लांबट दालने, अशी तिची मांडणी आहे; तिच्या टोकदार कमानींची शैली, जिला गॉथिक म्हणतात, युरोपातील चर्चच्या इमारतींमधून आलेली. दालनांना दोन्ही बाजूंनी कमानी असल्यामुळे वारा आरपार जातो, आणि उतरते छप्पर उंच असल्यामुळे दुपारच्या उन्हातही ओट्यावरची पालेभाजी लगेच मान टाकत नाही. वांगी, गवार, घेवडा, भेंडी यांचे ढीग लावण्यासाठी चढत्या पायऱ्यांचे ओटे, विक्रेत्याने बसायची जागा सर्वांत वर आणि गिऱ्हाईक खाली उभे, हा थाट आजही दिसतो. खालून वर पाहत भाव करणाऱ्या पुणेकराला हा ओटा काहीसा न्यायासनासारखा वाटत असल्यास नवल नाही. मंडईचा वरचा मजला काही काळ खुद्द नगरपालिकेच्या कचेरीने व्यापला होता, म्हणजे शहराचा कारभार आणि शहराची भाजी एकाच जिन्याच्या वर-खाली होती.

सत्ता आणि बाजार असे एका छपराखाली आल्यावर मंडईचे चौक राजकारणाचा आखाडा होणे अटळच होते. २२ जुलै १९२४ रोजी मंडईच्या आवारात लोकमान्य टिळकांचा पुतळा मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते उभा राहिला, आणि पुढच्याच वर्षी जेधे-जवळकरांच्या ब्राह्मणेतर पक्षाने नगरपालिकेतर्फे जोतीराव फुल्यांचाही पुतळा उभारावा अशी मागणी केली, तेव्हा पुण्यात जे रण माजले ते ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकापर्यंत आणि त्यावरील खटल्यापर्यंत गेले. पुतळ्याचा ठराव फेटाळला गेला. परंतु १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई करण्यात आले. ज्याने विरोध केला त्याचेच नाव इमारतीला, हा विरोधाभास पुष्कळदा सांगितला जातो. पण पुतळ्याच्या वादाची पार्श्वभूमी ध्यानात घेता या नामांतरात गंमत कमी आणि तडजोड जास्त होती. योगायोग असा की पुढे मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही फुल्यांचेच नाव मिळाले, आणि इलाख्याच्या दोन मोठ्या शहरांतल्या वसाहतकालीन मंडया आज एकाच नावाने ओळखल्या जातात. १८९४ पासूनचा अखिल मंडई मंडळाचा शारदा-गणपती, निवडणुकीच्या सभा आणि ‘मंडई विद्यापीठ’ म्हणून ओळखली जाणारी रोखठोक बोलण्याची परंपरा, यांवर स्वतंत्र ग्रंथ होऊ शकेल. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने एवढेच पुरे, की ओट्यावर बसलेला माळी-बागवान विक्रेता हळूहळू शहराचा नागरिक झाला, आणि माल पिकवणारा शेतकरी मात्र पहाटे गाडी खाली करून परत जाणारा पाहुणाच राहिला.

हा पाहुणा कुठून येत असे, हे पाहताना बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके समोर येतात. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झालेला नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला, भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले, आणि अवर्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या या पट्ट्यात उसाची लागवड पसरली. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धत, म्हणजे ठराविक गटातील जमिनींना पिकांचा फेर ठरवून काही वर्षांच्या करारावर पाणी देण्याची व्यवस्था, आखून दिली. उसाबरोबर गुऱ्हाळे आली, गुळाच्या ढेपा आल्या, आणि १९१४ मध्ये दौंड-बारामती ही अरुंद रुळांची आगगाडी सुरू झाल्यावर ढेपांना पुण्या-मुंबईची वाट सोपी झाली. बारामतीचा गुरुवारचा आठवडे बाजार पूर्वीपासून होताच. पण आठवडे बाजारात खेड्यातला माणूस विकतोही आणि घेतोही, तर आगगाडीने जाणाऱ्या मालाला अडत्या लागतो, आणि इथून पुढची गोष्ट या अडत्याची आहे.

अडत्या म्हणजे शेतकऱ्याचा माल आपल्या दुकानी उतरवून घेऊन त्याच्या वतीने घाऊक खरेदीदाराला विकणारा आणि त्याबद्दल आडत नावाचे कमिशन घेणारा मध्यस्थ. जुन्या पद्धतीत सौदा रुमालाखाली होई: अडत्या आणि खरेदीदार एका कापडाखाली हात घालीत, बोटे धरून आणि दाबून भाव सांगत, आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी दोन हातांच्या अंतरावर उभा असूनही त्याला त्या कापडाखाली काय ठरले ते कळत नसे. सौदा झाल्यावर त्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, पडे, आणि तिच्यात आडतीखेरीज हमाली, तोलाई, म्हणजे वजन करण्याची मजुरी, वारई, म्हणजे गाडीतून माल उतरवण्याचे पैसे, नासाडीपोटी कापलेला कडता आणि कशाकशाचा धर्मादाय अशा वजावटी ओळीने मांडलेल्या असत. छपराखालच्या बाजारातही हेच चाले. रे मार्केटच्या कमानींनी भाजीला सावली दिली, पण रुमाल तसाच राहिला.

रुमाल काढण्याचा प्रयत्न रे मार्केट खुले झाले त्याच वर्षी, पण पुण्यापासून दूर, वऱ्हाडात सुरू झाला होता, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. १८८६ मध्येच हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने कारंजा येथे कापसाचा नियंत्रित बाजार स्थापन झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्यामागे शेतकऱ्याचा कळवळा कितपत होता याविषयी शंका घ्यायला जागा आहे, कारण मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ आणि खात्रीच्या वजनाचा कापूस हवा होता. तरी बाजार म्हणजे केवळ इमारत नव्हे, तर वजन, लिलाव आणि वजावटी यांचे नियम, हा विचार तिथे रुजला. १९२८ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कृषी आयोगाने नियंत्रित बाजारांची शिफारस केली, मुंबई इलाख्यात १९३९ चा कायदा झाला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर १९६३ च्या कायद्याने आजच्या बाजार समित्यांची रचना ठरली. शेतकऱ्यांचे, व्यापाऱ्यांचे आणि हमाल-तोलाऱ्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी मिळून समिती चालवतात, लिलाव उघडपणे पुकारला जातो आणि खर्चाची वजावट ठरलेल्या दरानेच होते, हे या रचनेचे कागदावरचे सार. पुण्यातला घाऊक व्यापार पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि फुले मंडईत किरकोळ विक्री उरली. घाऊक व्यापार गेल्याने मंडईचा जीव गेला असे अनेकांना वाटले होते, पण ती आजही गजबजलेली आहे आणि २०२४ पासून तिच्या पोटाखालून मेट्रोही धावते.

जळोचीचा उपबाजार या दुसऱ्या, म्हणजे नियमांच्या, परंपरेतला. जळोची हे पूर्वी बारामतीलगतचे स्वतंत्र गाव, आता ते शहराच्या हद्दीत आले आहे. गावठाणातल्या अरुंद रस्त्यांवर ट्रक आणि पिकअप शिरणे अशक्य झाल्यावर फळे-भाजीपाल्याच्या लिलावाला मोकळी, रस्त्याला लागून असलेली जागा हवी होती, आणि ती इथे मिळाली. इथल्या शेडची रचना पाहिली तर तिचा धनी कोण हे लगेच कळते: भिंती नाहीत, कारण वाहन थेट ओट्याला लागले पाहिजे, ओटा वाहनाच्या फाळक्याच्या उंचीचा, कारण क्रेट उचलण्याचा खर्च शेवटी पट्टीतच येतो, आणि सर्वांना दिसेल अशा ठिकाणी वजनकाटा. मनोऱ्याची इथे गरज नाही, कारण शोभेच्या इमारतीने ज्यांच्यावर छाप पाडायची ते गव्हर्नर आणि नगरवासी इथे येतच नाहीत. टोमॅटो, मिरची, कोथिंबीर-मेथीच्या जुड्या, कलिंगड आणि दोन्ही तालुक्यांत वाढलेले डाळिंब, असा माल उतरतो. पुकारणारा वक्कल, म्हणजे एका शेतकऱ्याच्या एकाच प्रतीच्या मालाचा ढीग, दाखवून भाव चढवत नेतो आणि शेतकरी तो आपल्या कानांनी ऐकतो.

तरीही रुमाल पूर्णपणे गेला असे म्हणणे घाईचे होईल. आवक वाढली की उघड लिलावातही खरेदीदार आपसांत ठरवून भाव धरून ठेवू शकतात, आणि पालेभाजीसारखा माल परत नेण्याची शेतकऱ्याची ताकद नसते. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरवले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी बाजार बंद ठेवले. पट्टीवरची आडतीची ओळ त्यानंतर गेली. मात्र खरेदीदार तो भार भावातच आधी वजा करून बोली लावतो, अशी तक्रार बाजारात कायम ऐकू येते, आणि अर्थशास्त्रीय दृष्ट्या तीत तथ्य आहे, कारण नाशवंत मालात कर किंवा कमिशन कोणाच्या नावावर लिहिले यापेक्षा थांबण्याची ऐपत कोणाची हेच भार कोणावर पडणार ते ठरवते.

आणि या छपराबाहेरही कोणीतरी आहेच. लिलावातून दोन-चार क्रेट उचलून ते टोपलीत वा हातगाडीवर मांडणाऱ्या किरकोळ विक्रेत्या बायकांना बाजार समितीच्या निवडणुकीत मत नाही, यार्डात ओटा नाही, आणि रस्त्याच्या कडेला बसले तर अतिक्रमणाची गाडी येण्याची धास्ती आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने अशा विक्रेत्यांची नोंदणी करून त्यांना ठरलेली जागा देण्याचे बंधन नगरपालिकांवर घातले. प्रत्यक्षात मात्र गुरुवारच्या बाजारात या बायका नगरपालिकेची पावती फाडून बसतात. उरलेले सहा दिवस जिथे जागा मिळेल तिथे गोणपाट अंथरतात.